फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर: आधी शिस्त, मग नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षांचे फोटो तीन-चार हार्ड डिस्कवर विखुरलेत, बरेचसे दोन-दोन ठिकाणी आहेत, रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाईली) आणि जेपेग एकत्र पडलेत आणि हवा तो फोटो वेळेवर सापडत नाही. अशा वेळी ॲडोबीचं वर्गणीचं लाइटरूम क्लासिक घ्यावं, की डार्कटेबल किंवा डिजिकॅमसारखं फुकटचं पुरेल? आणि एकदा घेतलं की कार्डापासून क्लायंटपर्यंत कामाचा क्रम कसा लावायचा?

नावं पुढे घेतो. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे निम्मा गोंधळ आपोआप सुटेल. ही सॉफ्टवेअरं येतात आणि जातात. ॲपलचं ॲपर्चर २००५ मध्ये आलं. कित्येक व्यावसायिकांनी आपला अख्खा संग्रह त्यात बसवला, आणि २०१४ मध्ये ॲपलने ते पुढे न वाढवण्याचं जाहीर केलं. पिकासा गुगलने २०१६ मध्ये बंद केलं. दोन्ही वेळा फोटो कुणाचेच गेले नाहीत, पण फोटोंवर केलेली मेहनत, म्हणजे अल्बम, चेहऱ्यांची नावं, एडिट्स, बऱ्याच जणांची अडकून पडली. म्हणून मी प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारतो: उद्या तू बंद पडलास तर माझ्या हातात काय उरेल? याचं उत्तर चांगलं असेल तर बाकीच्या उणिवा चालवून घेता येतात.

आता मुळापासून. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो ‘इम्पोर्ट’ केले म्हणजे ते लाइटरूमच्या आत गेले, अशी अनेकांची समजूत असते. फोटो डिस्कवरच असतात, साध्या फोल्डरमध्ये. सॉफ्टवेअरकडे असतो फक्त कॅटलॉग, म्हणजे एक डेटाबेस फाईल: कुठला फोटो कुठल्या डिस्कवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, त्याला किती स्टार दिले, एक्स्पोजर किती वाढवलं, कुठल्या कलेक्शनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या अल्बममध्ये, टाकला. ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकं नसतात, ती कुठल्या कपाटात आहेत एवढंच असतं, तसंच हे. यातून तीन गोष्टी निघतात. कॅटलॉगचा बॅकअप म्हणजे फोटोंचा बॅकअप नव्हे. फोटोंचा बॅकअप घेतला तरी कॅटलॉग गेला की बरीचशी मेहनत जाते. आणि कॅटलॉगमध्ये आलेले फोटो विंडोज एक्स्प्लोररमधून किंवा फाइंडरमधून हलवायचे नाहीत, त्यांची नावंही तिथून बदलायची नाहीत.

या तिसऱ्या गोष्टीवरून सर्वांत जास्त घबराट होते. डिस्क भरली म्हणून कुणी अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेतो, लाइटरूम उघडतो आणि प्रत्येक थंबनेलच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह, फोल्डरच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. इथे लोक हमखास एक गोष्ट करतात: कॅटलॉगमधले ‘हरवलेले’ फोटो काढून टाकतात आणि नव्या जागेवरून पुन्हा इम्पोर्ट करतात. फोटो परत येतात, पण स्टार, कलेक्शन, एडिट सगळं कोरं. खरं तर प्रश्नचिन्ह आलेल्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडायचं आणि नवी जागा दाखवायची. आतल्या फाईलींची नावं तीच असतील तर सगळं क्षणात जुळतं. विंडोजवर बाहेरची डिस्क लावली आणि तिचं ड्राइव्ह लेटर बदललं, ‘ई’ची ‘एफ’ झाली, तरी हाच देखावा दिसतो. तिथे डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लेटर पुन्हा ‘ई’ करा, की काम झालं. त्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं लेटर कायमचं देऊन ठेवा, म्हणजे पुन्हा हा प्रसंग येत नाही.

फोल्डर आणि नावं

यावर लोक जितकं भांडतात तितकं त्यात काही नाही. फोल्डर तारखेने लावा: वर्ष, त्यात ‘२०२४-०३-१७ अमुक काम’ असा एकेक शूट. वर्ष-महिना-दिवस हाच क्रम, कारण तो नावाप्रमाणे लावला की आपोआप काळाप्रमाणे लागतो. विषयवार फोल्डर करू नका. एक फोटो एकाच फोल्डरमध्ये बसतो, विषय मात्र त्याचे चार असतात. विषयांचं काम कीवर्ड आणि कलेक्शनने करायचं.

फाईलचं नाव मात्र बदला. कॅमेरे जे प्रमाण पाळतात त्यात नाव आठ अक्षरांचं असतं: चार अक्षरं आणि चार आकडे. आकडे ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. जोरात शूट करणाऱ्याकडे काही महिन्यांतच एकाच नावाचे दोन वेगवेगळे फोटो तयार होतात. ते वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत तोवर निभतं. एक दिवस क्लायंटसाठी निवडक फोटो एका जागी गोळा करताना एक दुसऱ्यावर बसतो आणि कळतही नाही. म्हणून इम्पोर्ट करतानाच तारीख, छोटा कोड आणि मूळ क्रमांक अशा धर्तीवर नाव द्यायचा टेम्प्लेट एकदा बनवून ठेवा. मूळ क्रमांक मी मुद्दाम ठेवतो, कारण क्लायंटने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहून टिपलेला आकडा पुढे शोधायला उपयोगी पडतो. फाईलच्या नावात स्पेस, स्लॅश, कोलन घालू नका. आणि फाईलनेम रोमन लिपीतच असू द्या. देवनागरी नावं आजच्या संगणकांना चालतात, पण फोटो पुढे कुणाकडे, कुठल्या प्रिंटिंगच्या यंत्रणेकडे जाईल ते आपल्या हातात नसतं. देवनागरी कीवर्डमध्ये आणि कॅप्शनमध्ये वापरा, तिथे तिची खरी जागा आहे.

कार्डावरून डिस्कवर

इथे नियम दोन. कार्डावरून ‘मूव्ह’ कधीच नाही, नेहमी ‘कॉपी’. आणि फोटो दोन ठिकाणी पोचलेत हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. करायचं तेव्हा ज्या कॅमेऱ्यात ते वापरणार त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं, संगणकावर फाईली पुसत बसायचं नाही.

फोटो मेकॅनिकसारखी सॉफ्टवेअरं कार्डावरून एकाच वेळी दोन जागी कॉपी करतात, ही मोठी सोय आहे. लाइटरूममध्येही ‘मेक अ सेकंड कॉपी’ आहे, पण ती दुसरी प्रत इम्पोर्टच्या तारखेच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये पडते, तुमची फोल्डर-रचना तिथे येत नाही. तिला कामचलाऊ सुरक्षा समजा. खरा बॅकअप झाला की पुसून टाका.

इम्पोर्टच्या वेळीच तुमचं नाव, कॉपीराइट आणि संपर्काचा मजकूर प्रत्येक फाईलमध्ये जाईल असा मेटाडेटा (फोटोबद्दलची, फोटोसोबत लिहिलेली माहिती) प्रीसेट लावून ठेवा. एकदाच करायचं काम आहे, पण नंतर करू म्हणणारे कधीच करत नाहीत.

दोन कॅमेऱ्यांनी काम करत असाल तर घड्याळाकडे बघा. समजा कॅमेरा ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक आहे. वेळेप्रमाणे लावले की हार घालतानाचा जवळचा फोटो आधी आणि हार हातात घेतानाचा दुरून काढलेला फोटो नंतर दिसायला लागतो, आणि गोष्टीचा सगळा क्रम विस्कटतो. कामाच्या सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच घड्याळाचा, म्हणजे फोनवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा, एकेक फोटो काढायचा. घरी आल्यावर ‘ब’चे सगळे फोटो निवडायचे, त्या घड्याळाच्या फोटोवर उभं राहून ‘एडिट कॅप्चर टाइम’ उघडायचं आणि खरी वेळ टाकायची. बाकीचे सगळे तेवढ्याच फरकाने सरकतात. मात्र हे छाटणीच्या आधी आणि फाईलींना वेळेवरून नाव देण्याच्याही आधी करा. परदेशप्रवासात घड्याळ बदलायचं विसरलात तरी हाच उपाय. एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाईलमध्ये आपोआप लिहितो त्या माहितीत, मुळात वेळ लिहायची, पण ती कुठल्या टाइमझोनची ते लिहायची सोयच नव्हती. ती २०१६ च्या आवृत्तीत आली, त्यामुळे जुन्या फोटोंमध्ये ही माहिती शोधू नका, तिथे ती नाहीच.

छाटणी

फोटो मॅनेजमेंटमधलं खरं काम हेच आहे आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. एडिटिंगला वेळ लागतो असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात वेळ खातं ते एकसारख्या दिसणाऱ्या चौदा फोटोंपुढे बसून कुठला ठेवू हे ठरवणं.

आधी वेगाचं बघू. रॉ फाईल उघडायला संगणकाला मेहनत पडते, पण प्रत्येक रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्यानेच बनवून ठेवलेला एक जेपेग प्रिव्ह्यू असतो. फोटो मेकॅनिक तोच दाखवतं, म्हणून ते इतकं झपाट्याने चालतं. वृत्तछायाचित्रकार आणि खेळांचे फोटोग्राफर त्याला चिकटून आहेत ते याच कारणाने. लाइटरूममध्येही इम्पोर्टच्या वेळी प्रिव्ह्यूच्या यादीत ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडलं की बराचसा तोच फायदा मिळतो. एक ध्यानात ठेवा: हा प्रिव्ह्यू कॅमेऱ्याच्या रंगात असतो. नंतर लाइटरूमने आपला प्रिव्ह्यू बनवला की फोटो जरा फिका वाटतो. फाईल बिघडलेली नसते.

आता पद्धत. पहिल्या फेरीत ‘चांगला कुठला’ हा प्रश्न विचारायचाच नाही. फक्त ‘हा नक्की नको’ एवढंच: डोळे मिटलेले, फोकस चुकलेला, फ्लॅश न पेटलेला. लाइटरूममध्ये कॅप्स लॉक चालू ठेवा आणि ‘एक्स’ दाबत जा. प्रत्येक दाबाबरोबर तो आपोआप पुढच्या फोटोवर जातो. जो ठेवायचा त्यावर काही करायचं नाही, बाणाने पुढे. या फेरीत झूम करायचं नाही, मागे जायचं नाही. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतून ‘पी’ दाबून पसंत केलेले वेगळे करायचे. एकाच क्षणाचे चार-सहा फोटो असतील तर ते निवडून ‘एन’ दाबा, सगळे शेजारी-शेजारी येतात. त्यात सर्वांत चांगला शोधण्याऐवजी सर्वांत वाईट काढत जा. एकेक बाद करत गेलं की शेवटी एक उरतो आणि डोकं शिणत नाही. दोनच उरले तर ‘सी’ दाबून समोरासमोर ठेवा, शंभर टक्के झूम करा आणि डोळ्यांची धार बघा.

स्टारचा अर्थ कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, आणि तो बदलू नका. माझ्याकडे एक स्टार म्हणजे क्लायंटला द्यायचा, तीन म्हणजे अल्बममध्ये किंवा वेबसाइटवर चालेल असा, पाच म्हणजे माझ्या स्वतःच्या निवडक कामातला. दोन आणि चार मी वापरतच नाही. पाचही पायऱ्या वापरल्या की हा तीनचा की चारचा असा घोळ सुरू होतो, आणि सहा महिन्यांनी आपल्यालाच त्यातला फरक सांगता येत नाही. रंगाची लेबलं मी फक्त कामाच्या टप्प्यासाठी ठेवतो: पिवळं म्हणजे रिटचिंग बाकी, हिरवं म्हणजे क्लायंटकडे गेलं. टप्पे तात्पुरते असतात, म्हणून त्यांना तात्पुरती खूण.

नको असलेले फोटो पुसायचे का? तांत्रिकदृष्ट्या फसलेले मी निर्धास्त पुसतो. चांगले पण न निवडलेले ठेवतो, निदान काम पूर्ण होऊन पैसे मिळेपर्यंत. ‘आजींचा आणखी एखादा फोटो आहे का?’ असा फोन काम संपल्यावर बऱ्याच दिवसांनी येतो, आणि तेव्हा तो न निवडलेला फोटोच सर्वांत मोलाचा ठरतो. डिस्क स्वस्त पडते म्हणून सगळंच ठेवणारेही आहेत, पण न छाटलेला संग्रह शोधायला त्रास देतो, मग डिस्क कितीही मोठी असो.

कीवर्ड

सुरुवातीला प्रत्येक जण प्रत्येक फोटोला वीस कीवर्ड द्यायला बसतो आणि आठवड्याभरात सोडून देतो. इतकं लागत नाही. एक शूट, एक ठिकाण, एक प्रसंग, एवढं सगळ्या फोटोंना एकदम इम्पोर्टच्या वेळी लावा. मग फक्त निवडलेल्यांवर माणसांची नावं आणि एखाद-दुसरा विषय. तारीख, कॅमेरा, लेन्स, आयएसओ हे एक्झिफमध्ये आपोआप असतंच, त्याचे कीवर्ड करू नका.

मराठीत कीवर्ड देणार असाल, आणि जरूर द्या, तर दोन खाचखळगे आहेत. पहिला शुद्धलेखनाचा आणि विभक्तीचा. सॉफ्टवेअरला मराठी व्याकरण कळत नाही. ‘पाऊस’ शोधलं तर ‘पावसात’ मिळणार नाही, ‘नदी’ शोधलं तर ‘नद्या’ मिळणार नाही. म्हणून कीवर्ड नेहमी मूळ रूपात, एकवचनी, प्रत्यय न लावता. ‘मंदिर’ लिहायचं ठरलं तर कायम ‘मंदिर’, एकदा ‘देऊळ’ आणि एकदा ‘मंदीर’ नाही. लाइटरूममध्ये एका कीवर्डला पर्यायी शब्द जोडता येतात, तिथे ‘देऊळ’ टाकून ठेवा.

दुसरा खळगा फार थोड्यांना माहीत आहे. फोटोच्या आत कीवर्ड लिहायची जुनी पद्धत आयपीटीसीची, त्यात एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, पण युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि हलंतालाही तीन बाइट लागतात. म्हणजे जागा उरते जेमतेम २१ चिन्हांची. ‘ज्ञानेश्वर’ या एका नावातच दहा चिन्हं जातात. लांबलचक कीवर्ड एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमधून फिरून आला की मधेच तुटलेला दिसतो, तो यामुळे. नव्या एक्सएमपी पद्धतीत (तिच्याबद्दल पुढे सांगतो) ही अडचण नाही. तरी कीवर्ड आखूड ठेवा आणि वाक्य लिहायचं असेल तर कॅप्शनमध्ये लिहा.

फाईलमध्ये काय, कॅटलॉगमध्ये काय

सुरुवातीला जो प्रश्न मांडला त्याचं उत्तर इथे आहे, म्हणून हा भाग नीट वाचा.

एक्सएमपी ही ॲडोबीने २००१ मध्ये आणलेली मेटाडेटा लिहिण्याची पद्धत. २०१२ पासून ती आयएसओ प्रमाणही आहे, त्यामुळे जवळपास सगळी गंभीर सॉफ्टवेअरं ती वाचतात. जेपेग, टिफ आणि डीएनजी (ॲडोबीचा रॉ फाईलचा प्रकार) यांमध्ये ही माहिती फाईलच्या आतच बसते. रॉ फाईलला मात्र हात न लावता लाइटरूम तिच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी एक्सएमपी फाईल ठेवतं, तिला साइडकार म्हणतात. लाइटरूमच्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इनटू एक्सएमपी’ ही खूण केलेली आहे का ते आजच बघा. नसेल तर तुमचे सगळे कीवर्ड आणि स्टार फक्त कॅटलॉगमध्ये आहेत. ती खूण करायची नसेल तर प्रत्येक कामाच्या शेवटी सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबायची सवय लावा.

एवढं केलं की कीवर्ड, कॅप्शन, स्टार, कॉपीराइट आणि ठिकाण फाईलबरोबर प्रवास करतात. कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फाईलवर केलेलं वेगळं एडिट) जात नाहीत, त्या कॅटलॉगमध्येच राहतात. म्हणून जी गोष्ट मला वीस वर्षांनी हवी आहे ती मी कधीच फक्त कलेक्शनमध्ये ठेवत नाही, तिचा एक कीवर्डही करतो. कलेक्शन कामापुरतं, कीवर्ड कायमचा.

एडिट्सबद्दल भ्रमात राहू नका. लाइटरूमचे एडिट एक्सएमपीमध्ये लिहिले जातात, पण ते अर्थासह समजतात ॲडोबीच्याच सॉफ्टवेअरला. कॅप्चर वन किंवा डार्कटेबलमध्ये तोच फोटो तसाच दिसणार नाही, कारण प्रत्येकाचं रॉ उलगडायचं गणित वेगळं आहे. डार्कटेबल काही मोजके बदल ओळखायचा प्रयत्न करतं, पण त्यावर विसंबू नका. ज्या फोटोंचं अंतिम रूप जपायचं आहे त्यांचा १६ बिट टिफ किंवा उत्तम दर्जाचा जेपेग काढून रॉच्या शेजारी ठेवा.

रंगाच्या लेबलांची एक गंमत आहे. एक्सएमपीमध्ये लेबल रंग म्हणून नसतं, शब्द म्हणून असतं. एका सॉफ्टवेअरने तिथे ‘रेड’ लिहिलं आणि दुसऱ्याच्या यादीत त्या लाल रंगाचं नाव काही वेगळंच असेल, तर लेबल आहे पण रंग दिसत नाही, अशी अवस्था होते. दोन सॉफ्टवेअरं वापरत असाल तर दोन्हीकडची लेबलांची नावं आधी सारखी करून घ्या.

आणि साइडकारच्या नावाचा घोळ. ॲडोबीची सॉफ्टवेअरं रॉ फाईलचं एक्स्टेन्शन काढून तिथे एक्सएमपी लावतात. डार्कटेबल मूळ एक्स्टेन्शन ठेवून त्याच्यापुढे एक्सएमपी जोडतं. त्यामुळे एकाच फोल्डरवर दोन्ही चालवली तर एका फोटोशेजारी दोन साइडकार दिसतात, आणि एकात बदललेले स्टार दुसऱ्यात आपोआप येतील असं गृहीत धरता येत नाही. नियम सोपा आहे: स्टार आणि कीवर्ड कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये द्यायचे ते ठरवा, आणि दुसऱ्यात त्यांना हात लावू नका.

मग कुठलं घ्यायचं?

नियमित, पैसे घेऊन, रॉमध्ये काम करत असाल आणि शोधणं, छाटणं, एडिट करणं, एक्स्पोर्ट करणं सगळं एका खिडकीत हवं असेल तर लाइटरूम क्लासिक. वर्गणीचा राग येतो हे मान्य, पण त्याच्या कॅटलॉगइतका सरावाचा, शिकवायला माणूस मिळेल असा दुसरा पर्याय अजून मला दिसत नाही. फक्त ‘क्लासिक’ आणि नुसतं ‘लाइटरूम’ यांत गल्लत करू नका. २०१७ मध्ये हे दोन झाले. नुसतं लाइटरूम मूळ फोटो ॲडोबीच्या क्लाउडवर ठेवण्यासाठी बनवलेलं आहे. मोठ्या रॉ संग्रहाला ते महाग आणि संथ पडतं.

स्टुडिओत केबल लावून थेट संगणकावर शूट करत असाल तर कॅप्चर वन, आणि त्यातही कॅटलॉगऐवजी सेशन. सेशनमध्ये प्रत्येक कामाचा स्वतंत्र फोल्डर असतो आणि त्यात कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट आणि ट्रॅश असे चार कप्पे. काम संपलं की अख्खा फोल्डर उचलून संग्रहात. वर्षांमागचं शोधायला मात्र ते तितकं सोयीचं नाही.

त्याच दिवशी शेकडो फोटो कॅप्शनसकट पाठवायचे असतील तर फोटो मेकॅनिक, एडिटसाठी दुसरं काहीही.

पैसे घालायचे नसतील तर डिजिकॅम आणि डार्कटेबल यांची जोडी. डिजिकॅम संग्रह सांभाळण्यात तरबेज आहे: कीवर्डांची झाडं, चेहरे ओळखणं, दुहेरी फोटो शोधणं, सगळं. रॉ उलगडायला डार्कटेबल, आणि ते ताकदीचं आहे. शिकायला वेळ लागतो आणि दोघांची सांगड तुम्हालाच घालावी लागते. मात्र ‘उद्या तू बंद पडलास तर’ या परीक्षेत हे दोघे पास होतात, कारण दोन्ही मुक्त स्रोत आहेत.

तुमच्या वर्णनावरून मी तुम्हाला आधी डिजिकॅम लावून सगळ्या डिस्कवर एकदा नजर फिरवायला सांगेन. तो फोटो जागचे हलवत नाही. काय कुठे आहे, किती दुहेरी आहे, हे कळलं की मग वर्गणी घ्यायची की नाही ते ठरवा.

लाइटरूम घेतलंत तर कॅटलॉग एकच ठेवा. दर वर्षाचा, दर क्लायंटचा वेगळा कॅटलॉग करायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण एका वेळी एकच कॅटलॉग उघडतो आणि शोध त्याच्यापुरताच चालतो. लाख-दीड लाख फोटो एका कॅटलॉगला जड नाहीत. कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू संगणकाच्या आतल्या एसएसडीवर, मूळ फोटो बाहेरच्या मोठ्या डिस्कवर. नेटवर्कवरच्या डिस्कवर कॅटलॉग ठेवता येत नाही, फोटो ठेवता येतात. लॅपटॉपवर, डिस्क न लावता एडिट करायचं असेल तर स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे मूळ फोटोंच्या लहान प्रती, बनवून घ्या. ते लांब बाजूने २५६० पिक्सेलचे असतात आणि बहुतेक कामाला पुरतात.

बॅकअप

यावर लांबण लावत नाही. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. दोन गोष्टी मात्र सांगतो. क्लाउडवर सिंक होतंय म्हणजे बॅकअप आहे असं नाही. इकडे चुकून पुसलं की सिंक तिकडेही पुसतो. आणि लाइटरूम बंद करताना जी कॅटलॉगच्या बॅकअपची चौकट येते तिथे ‘स्किप’ करू नका, पण तो बॅकअप फोटोंच्या किंवा कॅटलॉगच्याच डिस्कवर पडत असेल तर त्याला फारसा अर्थ नाही, जागा बदला. डीएनजी वापरत असाल तर एक कीवर्ड बदलला तरी अख्खी फाईल बदलते आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर ती पुन्हा नव्याने कॉपी करतं. रॉ आणि साइडकार असेल तर फक्त काही किलोबाइटची साइडकार जाते. मी रॉचं डीएनजी करत नाही, त्याचं हेही एक कारण आहे.

जुना ढीग

इथे बहुतेकांची उमेद संपते, म्हणून क्रम उलटा लावा. जुनं आवरून मग नवं शिस्तीने करू असं म्हणाल तर दोन्ही होणार नाही. आजपासून येणारं प्रत्येक शूट वरच्या पद्धतीने घ्या. जुनं जसं आहे तसं राहू द्या.

मग एक पुरेशी मोठी नवी डिस्क घ्या आणि जुन्या डिस्क एकेक करून तिच्यावर उतरवा. जुन्या डिस्कवर काहीही पुसू नका, काम पूर्ण होईपर्यंत त्याच तुमचा बॅकअप आहेत. दुहेरी शोधताना नुसत्या नावावर जाऊ नका. ९९९९ नंतर आकडे पुन्हा फिरतात हे वर सांगितलंच. फाईलचा आकार आणि चेकसम (फाईलच्या आतल्या माहितीवरून काढलेला आकडा) जुळला तरच ती प्रत खरी एकसारखी. डिजिकॅम ‘दिसायला सारखे’ फोटोही दाखवतो, पण ती यादी आपोआप पुसायला देऊ नका. त्यात मूळ रॉ, त्याचा एडिट केलेला जेपेग आणि मेसेजिंग ॲपवर पाठवून लहान झालेली प्रत, तिन्ही एकत्र दिसतात, आणि ठेवायचे असतात पहिले दोन.

मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोंतून एक्झिफची माहिती सहसा गळालेली असते, त्यामुळे ते तारखेप्रमाणे लावता येत नाहीत. त्यांना ‘इतरांकडून आलेले’ असा एक फोल्डर द्या आणि मोकळे व्हा. गुगल फोटोजमधून टेकआउटने सगळं उतरवलं असेल तर प्रत्येक फोटोसोबत एक जेसन फाईल येते. तुम्ही तिथे बदललेली तारीख, लिहिलेलं वर्णन त्या जेसनमध्ये असतं, फोटोच्या आत नाही. एक्झिफटूल (आज्ञा टाइप करून चालवायचं साधन) वापरून ती माहिती फोटोत लिहून घ्या, मगच जेसन पुसा. आधी दहा फोटोंच्या प्रतीवर आज्ञा चालवून बघा. फोल्डरच्या फोल्डर एका ओळीत बदलणारं साधन आहे ते, चुकीची ओळही तितक्याच इमानाने चालवतं.

सगळं एका डिस्कवर आलं की वर्षवार लावा आणि अलीकडच्या वर्षापासून मागे या. प्रत्येक वर्षात फक्त चांगले निवडा, त्यांनाच स्टार आणि कीवर्ड द्या. बाकीचे तारखेच्या फोल्डरमध्ये पडून राहिले तरी हरकत नाही. घरच्या फोटोंमध्ये चेहरे ओळखायची सोय इथे कामाला येते, मात्र लावलेली नावं कीवर्ड म्हणून एक्सएमपीमध्ये उतरतात का ते दोन फोटोंवर तपासून घ्या. आणि जुने फोटो कुणाला देताना एक्स्पोर्टच्या चौकटीत ठिकाणाची माहिती काढून टाकायचा पर्याय लावायला विसरू नका. फोनच्या फोटोंमध्ये घराचे अक्षांश-रेखांश नेमके असतात.